पुढचा उजवा, सहा फेरे

मागचा डावा: अकरा

मेरिल हॅडलॉकने घडीची खुर्ची अंगणात अशा जागी मांडून घेतली होती की तिथून कॅम्परचे दोन कोपरे दिसत आणि उरलेले दोन ऐकू येत.

कॅम्पर पिकपच्या हौद्यात बसला होता. आतापर्यंतचं काम बरं झालं होतं. वर्षभर तो आपल्या चार जॅकवर गोठ्याशेजारी उभा असतो. पिकप मागे घेत त्याच्या पोटाखाली आणायची, जॅक उतरवायचे, आणि ती छोटी खोली, तिच्यातला पलंग, शेगडी आणि बाकासकट, हौद्यात टेकवायची. हे त्याच्या मुलाने, थेनने केलं. आता चार कोपरे बांधायचे होते. कोपऱ्याला एक कडी, खाली गाडीच्या चासीला एक कडी, मधे साखळी आणि टर्नबकल. टर्नबकलचा सांगाडा फिरवला की त्याच्या दोन्ही टोकांचे हूक एकमेकांकडे ओढले जातात आणि खोली गाडीला घट्ट धरते. चारही फिरवायचे. मेरिल हे काम चाळीस वर्षं एकटा करत आला होता. त्या वेळी मुलांनी घरात जायचं, असा नियम होता.

मार्चपासून त्याच्या हातांना कंप सुटला होता. म्हणून यंदा तो खुर्चीत होता आणि गाडीमागे गुडघ्यांवर त्याची मुलगी आर्डिस होती.

"मोज," मेरिल म्हणाला.

"दोन. तीन."

"मोठ्यानं."

"चार! शेजाऱ्यांनाही कळू दे."

"शेजारी मोजतायत. तू फिरव."

"पाच. बाबा, हे हाताला कळतं की. घट्ट झालं की झालं. मोजायचं कशाला?"

"हाताला काय कळतंय? तुझ्या हाताला पावाचं पीठ कळतं."

आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. दर गुरुवारी चारशे मुलांना राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल ती खाऊ घालते, तेव्हा या बोलण्यात काही खोटं नव्हतं. ती अकरापर्यंत गेली. अकराव्या फेऱ्याला टर्नबकल एवढा ताठ झाला होता की तिला दोन्ही हात लावावे लागले.

"अकरा."

"पुढचा," मेरिल म्हणाला.

पुढचा डावा: अकरा

शिकारीचा परवाना आर्डिसचा होता. नर मूस, म्हणजे घोड्याएवढं हरीण, आयुष्यात एकदाच. एकोणीस वर्षं ती अर्ज करत होती. यंदा सोडतीत नाव निघालं. मेरिलने आपला एकुलता एक मूस १९८७ साली मारला होता, त्यामुळे त्याला आता नुसतं बघायला जाता येणार होतं. त्याला बघायचं होतं. जूनमध्ये पत्र आलं त्या दिवसापासून त्याने दुसरं काही मागितलं नव्हतं.

अडचण कमरेची होती. खुबा बदललेला, जमिनीवर तंबूत झोपला तर सकाळी दोघांनी उचलावं लागायचं, आणि मग तो दिवसभर कुणाशी बोलायचा नाही. कॅम्परमधल्या बाकावर मात्र तो नीट झोपे. म्हणजे कॅम्पर गेला तर मेरिल जाणार, कॅम्पर राहिला तर मेरिल राहणार. हे तिघांनाही माहीत होतं आणि कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

मेरिलची जुनी फोर्ड वसंतात विकली गेली. पिकप आता थेनची होती. थेन मोठा मुलगा, नालबंद. टीटन खोऱ्यापर्यंतचे घोडे त्याच्याकडे असतात. ही गाडी त्याने ऑगस्टमध्ये घेतली, कॅम्परसाठी चासीला कड्या बसवून घेतल्या, आणि तेव्हापासून तिच्यावर नजर ठेवत, चार पावलांवरूनच तो बोलायचा.

"सात," आर्डिस म्हणाली.

"साखळी रंगाला लागतेय का बघ," थेन म्हणाला.

"नाही लागत."

"वाकून बघ."

"तू वाक. तुझा जन्म घोड्याच्या पोटाखाली वाकण्यात गेला."

"घोडा लाथ मारतो तरी. तू नुसती बोलतेस." थेन वाकला. साखळी रंगाला लागत नव्हती. तो उठून बापाकडे वळला. "एक सांगून ठेवतो, बाबा. हे खोकं एक बोट जरी सरकलं, तर मी अ‍ॅश्टनमधून परत फिरवणार. गेल्या वर्षी चढावर त्या माणसाचं काय झालं, माहितीय ना?"

माहीत सगळ्यांना होतं. वळणावर कुणा बाहेरगावच्या माणसाचा कॅम्पर हौद्यातून निघून रस्त्यावर आडवा झाला होता. फ्रीज, गाद्या, भांडी, सगळं डांबरावर. मागे कुणी नव्हतं म्हणून निभावलं.

"त्यानं हौद्याच्या कडेला बांधला होता," मेरिल म्हणाला. "चासीला नाही. मूर्ख."

"मूर्ख असो की शहाणा, सरकला."

"अकरा," आर्डिस म्हणाली.

मागचा उजवा: अकरा

हा काहीही न बोलता झाला.

कपाटाच्या दारावर

उजव्या बाजूचा पुढचा, चौथा कोपरा राहिला होता. त्याआधी आर्डिस भांडी ठेवायला आत गेली. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता, बटाटे निघत होते, आणि आमच्याकडे त्या दिवसांत शाळा बंद असते. पोरं शेतावर, मास्तर ट्रकवर. स्वयंपाकघराला मात्र काम नसतं. नऊ दिवस तिचे होते.

शेगडीखालच्या कपाटाचं दार तिने उघडलं. आतल्या बाजूला बापाच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं:

मा. डा. ११
पु. डा. ११
मा. उ. ११
पु. उ. ६

सहाच्या खाली काहीतरी खोडलेलं होतं. तिने दार उजेडाकडे वळवलं. खोडलेला आकडा ११ होता.

तिने तवा ठेवला, बिडाचं जड भांडं ठेवलं, बटर, कांदे, हकलबेरीच्या मुरंब्याच्या दोन बाटल्या ठेवल्या, आणि दार लावलं. कपाटात ओलसर वास होता. जुन्या कॅम्परला तो असतोच.

पुढचा उजवा: सहा

"सहा," मेरिल म्हणाला. "इथे सहाच."

"का?"

"त्या बाजूला शेगडी आहे, पाण्याची टाकी आहे. वजन आपलंआपण धरतं."

"वजन तर खाली धरतं. हे पुढे-मागे सरकू नये म्हणून आहे ना?"

"आर्डिस, तुझ्या स्वयंपाकघरात येऊन मी विचारतो का, मीठ का घातलंस?"

"विचारता. दर वेळी."

थेन हसला. आर्डिसने फिरवायला घेतलं. एक, दोन, तीन. चार, पाच, सहा. सहाव्या फेऱ्यालाही एका हाताने फिरत होता. ती थांबली. बापाने सांगितलं होतं तेवढं झालं होतं.

"झालं," मेरिल म्हणाला आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागला. "चला. उन्हं वर आली."

कोण पुढे, कोण मागे

"थेन, तू तुझ्या जुन्या ट्रकमधून घोडे घेऊन पुढे हो. आम्ही मागून येतो."

"नाही, बाबा. मी मागे."

"घोडे पुढे जाऊ दे. तू उगीच आमच्यामागे रेंगाळशील."

"मला गाडी बघायचीय. नवीन आहे. कॅम्पर कसा बसलाय ते मागूनच दिसतं."

"मागून काय दिसतंय? दार दिसतं. शिडी दिसते."

"तेच बघीन."

"आपण नेहमी कॅम्पर शेवटीच नेतो."

"तुम्ही नेता. तुम्ही हळू चालवता म्हणून. आज आर्डिस चालवतेय."

"तीही हळू चालवेल."

"मग मीही हळू चालवीन. काय बिघडलं?"

"थेन, मी सांगतोय ना, तू पुढे हो."

"अहो, पण का?"

"कारण मी सांगतोय."

"मी पन्नास वर्षांचा आहे, बाबा."

"मग पन्नाशीच्या माणसासारखा पुढे हो."

या सगळ्या वेळात आर्डिस पुढच्या उजव्या कोपऱ्याशीच उभी होती. तिच्या डोक्यात गेल्या सहा वर्षांच्या साध्या हरणांच्या शिकारी आल्या. सहा ऑक्टोबर. तीन गाड्या, कधी चार. थेन, चुलते, चुलतभाऊ. आणि दर वेळी मेरिल सगळ्यांच्या मागे. कुणी मागे राहायला लागलं तर तो रस्त्याच्या कडेला थांबायचा, हात हलवून त्याला पुढे घालवायचा. म्हातारा झाला, असं सगळे म्हणायचे. तोही म्हणायचा. त्याआधी मात्र तो सगळ्यात पुढे असायचा, आणि मागच्यांना त्याला गाठता यायचं नाही.

ती खाली बसली.

सात

"काय करतेस?" मेरिल म्हणाला.

"एक फेरा."

फेरा सहज झाला. बाकीच्या तिन्ही कोपऱ्यांत सातवा फेरा सहाव्यापेक्षा जड होता. इथे नव्हता.

आठ

"आर्डिस, सहा म्हणालो ना मी."

आठवाही तेवढाच. तिने हात न थांबवता बापाकडे बघितलं. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. नजर कॅम्परवर नव्हती, तिच्या हातावर होती.

"हा घट्ट होतच नाहीये, थेन," ती म्हणाली. "नुसता फिरतोय."

"आटे गेले असतील," थेन जवळ येत म्हणाला.

"आटे ठीक आहेत."

नऊ

नवव्या फेऱ्याच्या मध्यावर कडीच्या मुळाशी आवाज झाला. भिजलेला पुठ्ठा फाटावा तसा, अगदी हळू.

"थांब," मेरिल म्हणाला.

ती थांबली.

"उलटा फिरव. सोडव तो."

शून्य

साखळी सुटून लोंबत राहिली. आर्डिस आत गेली, भांडी पुन्हा बाहेर काढली, कपाटाच्या तळाची फळी उचलली, आणि पुढच्या उजव्या कोपऱ्यात हात घातला. बाहेर आणला तेव्हा मुठीत तपकिरी चोथा होता. तिने मूठ दाबली तर पाणी निघालं असतं असं वाटत होतं. निघालं नाही, पण हात ओला झाला. चोथा तिने पायरीवर ठेवला.

थेनने तो बोटाने पसरला. "हे लाकूड होतं?"

"फर," मेरिल म्हणाला. "दोन बाय चार."

"किती वर्षं झाली?"

"छताच्या झडपेतून पाणी गेलं. बर्फ जास्त पडला होता त्या हिवाळ्यात. मला मे महिन्यात कळलं."

"किती वर्षं, बाबा?"

"सहा."

थेनने चोथा पायरीवरून खाली लोटला. मग म्हणाला, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं. हे निघू शकतं हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून आम्हाला पुढे घालायचात."

"तुमच्यावर पडू नये म्हणून."

"आणि आमच्याही मागे जे लोक असतात त्यांच्यावर?"

"मी पन्नासच्या वर कधी नेला नाही. कुणी मागे लागलं तर कडेला थांबायचो."

"कडेला थांबायचो! हायवे काय आपल्या बापाचा आहे?"

हे बोलल्यावर आपण कुणाला बोललो ते थेनच्या लक्षात आलं. मेरिलच्याही आलं. आर्डिस पायरीवर बसून हात पँटला पुसत होती; ती खाली मान घालून हसली आणि मग तिचं हसू थांबलं.

"नाही," मेरिल म्हणाला. "नाही माझ्या बापाचा."

"मग?"

"मग काही नाही. चुकलं."

हा शब्द त्याच्या तोंडून दोघांनीही पूर्वी ऐकला नव्हता. गोठ्यामागे थेनच्या घोड्यांनी ट्रकमागच्या गाडीच्या फळ्यांवर खूर आपटले. दोन तास ते आत उभे होते.

"हे आज हलणार नाही," थेन म्हणाला. "जॅक वर घ्या. उतरवतो. मी आणि आर्डिस तंबू घेऊन जातो."

मेरिलने मान हलवली. तो खुर्चीत बसला. बसताना त्याने घाई केली नाही, आणि बसल्यावर कॅम्परकडे पाठ होईल अशी खुर्ची थोडी सरकवून घेतली. थेनने एका जॅकचा दांडा हातात घेतला.

आर्डिस उठली नाही. "याला काही करता येतं का?" तिने विचारलं. विचारलं थेनला, पण उत्तर पाठमोऱ्या खुर्चीतून आलं.

"शेडमध्ये, वरच्या फळीवर," मेरिल म्हणाला. "मधाचा डबा."

मधाचा डबा

पाच पौंडाचा होता. वर धूळ, आत:

बोल्ट, साडेतीन इंची, सहा.
रुंद वायसर, बारा.
स्वतःहून न सुटणारे नट, सहा.
एक कडी, नवी, तेल लावलेली.
फटी बुजवायच्या लेपाची ट्यूब, आता दगड झालेली.

आणि डब्याच्या मागे, जुन्या टॉवेलात गुंडाळलेल्या, लोखंडाच्या दोन पट्ट्या. दीड फूट लांब, पाव इंच जाड, प्रत्येकीला सहा भोकं. एक बाहेरून लावायची, एक आतून, मधे भिंतीतली चौकट; कुजलेला कोपरा ओलांडून पुढच्या धडक्या लाकडापर्यंत पोचेल अशी लांबी. थेनने एक पट्टी उचलली, डोळ्यांसमोर आडवी धरून सरळ आहे का पाहिलं, मग काठावरून अंगठा फिरवला. काठ घासून गोल केलेले होते, घोड्याच्या नालेचे करतात तसे.

"हे माझ्या ऐरणीवर झालंय," तो म्हणाला.

"तू त्या दिवशी ड्रिग्जला गेला होतास," मेरिल म्हणाला.

"माझं लोखंड."

"तुकडा पडलेला होता."

"भोकं बरी पाडलीत." थेनने पट्टी खाली ठेवली नाही. "म्हणजे सगळं तयार होतं. सहा वर्षं इथे पडून होतं. मग लावलं का नाही?"

"बाहेरून बोल्ट फिरवताना आतून पाना धरायला कुणीतरी लागतं."

"मला सांगायचं."

"तू आत शिरला असतास म्हणजे बघितलं असतंस."

"मग?"

"मग तू कॅम्पर उकिरड्यावर नेऊन टाकला असतास."

थेनने विचार केला. तो खोटं बोलणारा माणूस नाही. "टाकलाच असता," तो म्हणाला.

"तेच."

आर्डिसने पाना हातात घेतला आणि स्वेटर उतरवला. "मी मावेन त्या कपाटात?"

"शाळेचे रोल खाऊन खाऊन?" थेन म्हणाला.

"तोंड सांभाळ. बोल्ट तुझ्या बाजूला आहेत, माझं डोकं माझ्या बाजूला."

बद्द आणि टणक

धडकं लाकूड कुठून सुरू होतं ते बाहेरून दिसत नव्हतं. पत्रा सगळीकडे सारखाच पांढरा होता. मेरिल खुर्चीतून उठून कोपऱ्याशी आला. स्क्रूड्रायव्हरची मूठ त्याने पत्र्याला टेकवली. हात तसाही थरथरत होता. मूठ आपोआप वाजत राहिली. तो हळूहळू हात मागे सरकवत गेला.

बद्द. बद्द. बद्द. बद्द. टक.

"इथे," तो म्हणाला. "इथून पुढे चांगलं आहे."

थेनने खूण केली. मग स्वतः वाजवून पाहिलं, दोनदा, कारण गाडी त्याची होती. खूण बरोबर होती.

पट्टी लागल्यावर नवी कडी जुन्या जागेपेक्षा चार बोटं मागे आली आणि साखळी तिरकी झाली. थेनने एक दुवा वाढवला. आतून आर्डिसचा आवाज येत होता, डब्यात बोलल्यासारखा.

"धरलाय. फिरव."

"सरकतोय का?"

"माझं कोपर सरकतंय. फिरव तू."

"बाबा, तुम्ही जरा बाजूला व्हा."

"मी बाजूलाच आहे."

"आणखी बाजूला. अंगावर सावली पडतेय."

"सहा वर्षांपूर्वी सावलीतही केलं असतं मी."

"तेव्हा करायला पाहिजे होतं."

"थेन," आतून आर्डिस म्हणाली, "भांडण पाचवा बोल्ट झाल्यावर. माझा पाय बधिर झालाय."

सहावा बोल्ट बसला तेव्हा दुपार सरली होती. घोडे केव्हाच पुन्हा कुरणात सोडले होते. नऊ दिवसांतला एक गेला होता.

अकरा

"मोज," मेरिल म्हणाला.

या वेळी तो खुर्चीत नव्हता. गाडीच्या पुढच्या चाकाशी, कंबर झेपेल तेवढा वाकून उभा होता.

"सात," आर्डिस म्हणाली. "जड आहे. आठ."

त्याने कान कोपऱ्याकडे केला.

"नऊ." तिने दुसरा हात लावला. "दहा."

सगळे ऐकत होते. पत्र्यावर कुठेतरी माशी बसली, उडाली. मुळाशी आवाज झाला नाही.

"अकरा."

थेन गाडीत बसला आणि कालव्याच्या रस्त्याने एकटाच कॅम्पर घेऊन गेला. निघण्यापूर्वी त्याने सुताराची पेन्सिल घेऊन कॅम्परच्या पत्र्यावरून खाली हौद्याच्या कडेवर, आपल्या नव्या रंगावर, एक सरळ रेघ मारली. आर्डिस बघत राहिली. ती काही म्हणणार होती, पण मेरिलने डोळ्यांनी नको म्हटलं.

लांबून तीनदा ब्रेक ऐकू आले. तिसरा फारच जोराचा होता. परत आल्यावर थेन खाली उतरून रेघेशी वाकला. वरचा तुकडा आणि खालचा तुकडा एका ओळीत होते. त्याने बोटावर थुंकून रंगावरची रेघ पुसली. कॅम्परवरची राहू दिली.

"उद्या सहाला," तो म्हणाला. "मी मागे."

मेरिलने तोंड उघडलं.

"मी मागे, बाबा."

"बरं," मेरिल म्हणाला.

थेन घरी गेल्यावर तो आर्डिसला म्हणाला, "हिवाळा लागला की सगळी चौकट बदलायला हवी. ही पट्टी या मोसमापुरती."

"सांगा त्याला."

"सांगेन."

"उद्या सांगा. मूस मिळायच्या आधी. नंतर तुम्ही विसराल."

"मी विसरत नाही."

"म्हणूनच म्हणते."

पाव

पहिल्या दहा मैलांनंतर थांबून चारही टर्नबकल पुन्हा बघायचे. हे मेरिलने लिहून ठेवलेलं नव्हतं, कारण हे सगळ्यांनाच माहीत असतं. आमच्या चेस्टर गावाहून निघालं की हे थांबणं अ‍ॅश्टनच्या पेट्रोल पंपावर येतं. पुढे चढ सुरू होण्याआधी गाडी उभी करायला सपाट जागा एवढीच.

सगळ्या रस्त्यात उजव्या, मेरिलच्या बाजूच्या आरशात थेनच्या जुन्या ट्रकचे दिवे होते. मेरिलने आरसा आपल्याकडे वळवून घेतला होता; आर्डिसला त्यामुळे त्या बाजूचं काही दिसत नव्हतं, पण तो सांगत होता.

"आहे."

"मला माहितीय, बाबा."

थोड्या वेळाने, "जवळ आलाय."

"बरं."

आणखी थोड्या वेळाने, "फार जवळ आहे. सांग त्याला मागे राहायला."

"कसं सांगू? ओरडून?"

पंपावर थेन उतरला आणि तिघेही कॅम्परभोवती फिरले. मागचा डावा होता तसा. पुढचा डावा, तसाच. मागचा उजवा, तसाच. पुढच्या उजव्याशी थेन आणि आर्डिस उभे राहिले आणि मेरिल येईपर्यंत थांबले. तो आल्यावर कुणी हात पुढे केला नाही. त्याने उजवा हात टर्नबकलवर ठेवला. बोटं थरथरत होती, टर्नबकल थरथरत नव्हता.

"जरासा सैल आहे," तो म्हणाला. "नवी कडी बसते आहे."

"किती?"

"पाव फेरा. जास्त नको."

आर्डिसने पाव फेरा दिला.

"थेन," मेरिल म्हणाला. त्याने पंपाच्या पाटीकडे बघितलं, मग मुलाकडे. "हिवाळ्यात हा भाग पूर्ण खोलायला लागेल. मला एकट्याला नाही जमणार."

"जानेवारीत घोडे कमी असतात," थेन म्हणाला.

"तुझी शेड लागेल. आपल्या अंगणात बर्फ असतो."

"जागा करतो."

एवढंच. आर्डिसने आत जाऊन तिघांसाठी गरम कोको आणला आणि थेनच्या कोकोवर मेरिलचं झाकण लागलं म्हणून दोघांचं थोडं वाजलं.

धूळ

चढ व्यवस्थित पार पडला. पलीकडे पठारावर लॉजपोल पाइनची झाडी लागली. पंपापासून अठरा मैलांवर हायवे सोडून जंगलाचा कच्चा रस्ता धरायचा होता. फाट्यावर आर्डिसने गाडी कडेला घेतली, कारण मागून हॉर्न वाजला.

थेन खिडकीतून डोकं काढून बोलला. "इथून मी पुढे होतो. सगळी धूळ घोड्यांच्या नाकात जाईल."

मेरिलने आरसा सोडून दिला. "हो," तो म्हणाला. "घोडे पुढेच बरे."

"तुम्ही दोघं शेवटी या. सावकाश."

"सावकाशच."

जुना ट्रक आणि घोड्यांची गाडी त्यांना ओलांडून गेली. धूळ उठली, सकाळच्या उन्हात झाडांच्या उंचीपर्यंत चढली आणि तिथेच तरंगत राहिली. ती बसेपर्यंत निघण्यात अर्थ नव्हता. आर्डिसने इंजिन बंद केलं. मेरिलने काच वर घेतली.

"एकदा बघून ये," तो म्हणाला.

"आत्ता अठरा मैलांपूर्वी बघितलं."

"पुढे दगड आहेत. बघून ये."

ती उतरली. त्याने काच पुन्हा खाली केली, कारण त्याच्या बाजूचाच कोपरा होता. ती वाकली आणि दोन्ही हातांनी टर्नबकल फिरवायचा प्रयत्न केला. तो हलला नाही. पत्र्यावरची पेन्सिलची रेघ आणि हौद्याची कड तिने डोळ्यांनी जुळवून पाहिली.

"किती?" मेरिलने वरून विचारलं.

"अकरा आणि पाव."

"सरकलाय?"

"नाही."

"चल मग," तो म्हणाला, पण धूळ अजून बसली नव्हती, म्हणून ते आणखी थोडा वेळ तिथेच थांबले.